आधी ठिपके, मग गुणांक
स्कॅटर प्लॉटमधला सहसंबंध कसा वाचावा

शाळेचा निकाल असो, तालुक्याचा पाऊस असो की दवाखान्यातल्या रक्तदाबाच्या नोंदी; आकड्यांचे दोन रकाने शेजारी आले की आता कुणीही ते निवडतो, स्प्रेडशीटमध्ये एक बटण दाबतो आणि पडद्यावर ठिपक्यांचा आलेख उमटतो. हाच स्कॅटर प्लॉट. आणखी एक बटण दाबलं की ठिपक्यांमधून तिरकी रेषा निघते आणि कोपऱ्यात एक आकडाही येतो. मग अहवालात वाक्य पडतं, ‘या दोन बाबींमध्ये घनिष्ठ सहसंबंध आढळतो.’ त्या वाक्याच्या आधारावर पुढे निर्णय होतात, निधी वळतो, एखाद्या योजनेवर यशाचा किंवा अपयशाचा शिक्का बसतो.

आलेख काढणं इतकं सोपं झालं आहे, पण तो वाचायला मात्र आपल्याला कुणी नीट बसवून शिकवलेलं नसतं. हा लेख त्यासाठी आहे. शिक्षक, विद्यार्थी, पत्रकार, आरोग्यसेवक, शेतकरी गटाचे हिशेब बघणारे, ज्यांच्या ज्यांच्या समोर असे आलेख येतात त्या सगळ्यांसाठी. सूत्रं इथे नाहीत. भर आहे तो दोन प्रश्नांवर. यातला प्रत्येक ठिपका कुणाचा आहे? आणि जो ठिपका इथे असायला हवा होता पण नाही, तो कुठे गेला? ही दोन उत्तरं हातात असली की सहसंबंधाबद्दलच्या बहुतेक चुका टळतात.

ठिपका कुणाचा?

आलेख समोर आला की रेषेकडे लगेच बघू नका. आधी दोन्ही अक्षांवर काय लिहिलं आहे ते वाचा. काय मोजलं आहे, कोणत्या एककात, आणि अक्ष शून्यापासून सुरू होतो की मधूनच. मग कुठल्याही एका ठिपक्यावर बोट ठेवा आणि त्याच्याबद्दल एक पूर्ण वाक्य म्हणा. ‘हा एक विद्यार्थी आहे, तो आठवड्याला सहा तास अभ्यास करतो आणि त्याला ७२ गुण मिळाले.’ किंवा ‘हा एक तालुका आहे, इथे गेल्या वर्षी ६५० मिलिमीटर पाऊस झाला आणि ज्वारीचा उतारा इतका आला.’ असं वाक्य म्हणता येत नसेल, तर आलेख अजून कळलेला नाही. तिथेच थांबा.

२०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात फ्रान्झ मेसर्ली यांचा एक आलेख प्रसिद्ध झाला. आडव्या अक्षावर दरडोई चॉकलेटचा खप, उभ्या अक्षावर दर एक कोटी लोकसंख्येमागे नोबेल विजेत्यांची संख्या. देश २३ आणि सहसंबंध गुणांक ०.७९, म्हणजे चांगलाच मोठा. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला. आता त्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवून वाक्य म्हणा, ‘हा स्वित्झर्लंड आहे; इथे चॉकलेटचा खप भरपूर आहे आणि लोकसंख्येच्या मानाने नोबेल विजेतेही पुष्कळ आहेत.’ ठिपका देशाचा आहे, माणसाचा नाही. नोबेल मिळालेल्या एखाद्या शास्त्रज्ञाने चॉकलेट खाल्लं होतं की नाही, याबद्दल हा आलेख चकार शब्द काढत नाही. श्रीमंत देशात चॉकलेटही परवडतं आणि संशोधनही परवडतं, एवढं म्हणायला मात्र जागा आहे.

हीच चूक आपल्याकडे सर्रास होते. जिल्ह्यांची साक्षरता आणि जिल्ह्यांचं सरासरी उत्पन्न यांचा आलेख काढायचा आणि निष्कर्ष मात्र ‘शिकलेला माणूस किती कमावतो’ याचा द्यायचा. ठिपका जिल्ह्याचा असेल तर वाक्यही जिल्ह्याबद्दलच हवं. शिवाय सरासरी काढताना माणसामाणसांतले फरक पुसले जातात. त्यामुळे सरासरींचे ठिपके सहसा रेषेच्या जवळ येऊन बसतात आणि गुणांक फुगतो. तीच माहिती माणसागणिक मांडली तर ठिपके कितीतरी जास्त पांगलेले दिसतील.

नजरेने काय टिपायचं?

ठिपका कुणाचा हे कळलं की चार गोष्टी याच क्रमाने बघा.

पहिली, दिशा. डावीकडून उजवीकडे जाताना ठिपके वर चढत असतील तर सहसंबंध धन, खाली उतरत असतील तर ऋण. ऋण म्हणजे वाईट नव्हे. लसीकरण वाढतं तसा आजार कमी होतो, हा ऋण सहसंबंध आपल्याला हवाच असतो.

दुसरी, आकार. ठिपके सरळ पट्ट्यात आहेत की वळलेल्या? पिकाला पाणी कमी पडलं तरी उत्पादन घटतं आणि शेतात पाणी साचलं तरी घटतं. पाणी आणि उत्पादन यांचा आलेख त्यामुळे आधी चढतो आणि मग उतरतो. चढ आणि उतार सारखेच असतील तर गुणांक शून्याच्या आसपास येईल. पाण्याचा आणि पिकाचा संबंध नाही असं त्यावरून कुणी म्हणेल का? हा गुणांक फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतो. वळण दिसलं की आकडा बाजूला ठेवा आणि वळणाबद्दल बोला.

ठिपक्यांचे वेगवेगळे पुंजके आहेत का, हेही आकारातच येतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचा गरम पाण्याचा फवारा आहे. फवारा किती मिनिटं उडाला आणि पुढच्या वेळेपर्यंत किती थांबावं लागलं, याच्या नोंदींचा आलेख संख्याशास्त्राच्या वर्गात नेहमी दाखवतात. गुणांक ०.९ भरतो. पण डोळ्यांना दिसतात ते दोन स्वतंत्र पुंजके. दोन मिनिटांच्या आसपासचे छोटे उद्रेक आणि त्यानंतरची तासाभराच्या आतली प्रतीक्षा हा एक. चार-साडेचार मिनिटांचे उद्रेक आणि सुमारे ८० मिनिटांची प्रतीक्षा हा दुसरा. मधली जागा जवळजवळ मोकळी. फवाऱ्याच्या दोन तऱ्हा आहेत, ही खरी बातमी त्या ०.९ मध्ये कुठेच नाही.

तिसरी, घट्टपणा. ठिपके रेषेला चिकटून आहेत की दूरवर पसरले आहेत? पसारा सगळीकडे सारखा आहे की उजवीकडे जाताना पंख्यासारखा उघडत जातो? उघडत जात असेल तर डावीकडे बांधलेला अंदाज भरवशाचा आणि उजवीकडचा कच्चा. दोन्हीकडे सारखीच खात्री देऊ नका.

चौथी, कळपाबाहेरचे ठिपके. त्यांच्याकडे पुढे सविस्तर येऊच.

गुणांकाला किती महत्त्व द्यायचं?

कार्ल पिअरसन यांनी १८९६ साली ज्याचं सूत्र मांडलं, तो गुणांक आजही सगळीकडे वापरला जातो. तो उणे १ ते अधिक १ यांच्यामध्ये असतो. सगळे ठिपके एका तिरक्या रेषेवर बसले तर १ किंवा उणे १. सरळ रेषेतला संबंध मुळीच नसला तर शून्य.

पहिली सावधगिरी. ०.५ म्हणजे ‘अर्धा संबंध’ नव्हे. गुणांक ०.५ असताना रेषेच्या आधारे अंदाज बांधला, तर नुसती सरासरी सांगून जेवढी चूक झाली असती त्यापेक्षा ती जेमतेम १३ टक्क्यांनी कमी होते. ०.८ असेल तर ४० टक्क्यांनी आणि ०.९ असेल तर ५६ टक्क्यांनी. एखाद्या मुलाच्या पहिल्या चाचणीवरून त्याचा वार्षिक निकाल सांगायला निघालात तर हे आकडे आठवा. वर्गाबद्दल बोलायला पुरेसा असलेला गुणांक एका मुलाबद्दल बोलायला फार अपुरा पडतो.

दुसरी सावधगिरी. ठिपके किती आहेत ते मोजा. दोन गोष्टींचा काडीचाही संबंध नसताना निव्वळ योगायोगाने मोठा गुणांक येऊ शकतो. दहाच ठिपके असतील तर अशा वीस आलेखांपैकी साधारण एकात गुणांक ०.६३ च्या वर किंवा उणे ०.६३ च्या खाली जातो. ३० ठिपक्यांना हीच हद्द ०.३६ आहे, १०० ठिपक्यांना ०.२०. म्हणून दहा गावांवरून काढलेल्या ०.६ ने हुरळून जाऊ नका. आणि तुमच्या तक्त्यात दहा रकाने असतील तर त्यांच्या ४५ जोड्या होतात. सगळ्या जोड्या तपासून त्यातली सगळ्यात देखणी तेवढी दाखवली, तर योगायोगालाच शोध म्हटल्यासारखं होईल. किती जोड्या तपासल्या ते अहवालात लिहा.

तिसरी सावधगिरी. रेषेचा चढ आणि गुणांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिपके रेषेला किती चिकटले आहेत ते गुणांक सांगतो. रेषा किती उभी आहे ते सांगत नाही, आणि मोजपट्टी बरोबर होती का हे तर मुळीच सांगत नाही. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२९ साली २४ दीर्घिकांची अंतरं आणि वेग यांचा आलेख मांडला. दूरची दीर्घिका जास्त वेगाने दूर जाते, हे त्यात दिसलं आणि ते खरं ठरलं. पण चढ आला दर मेगापार्सेकला (हे खगोलातलं अंतराचं एकक) सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर; आजचा आकडा ७० च्या आसपास आहे. अंतरं मोजण्याची त्या काळची पद्धतच तोकडी होती. सगळी अंतरं एकाच प्रमाणात कमी मोजली गेली तरी गुणांकाला त्याचा पत्ता लागत नाही.

चार आलेख, एकच गुणांक

आकड्याआधी आलेख का बघायचा, हे संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली कायमचं दाखवून दिलं. त्यांनी अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच तयार केले. चारही संचांत आडव्या राशीची सरासरी ९, उभ्या राशीची ७.५, गुणांक ०.८२ आणि रेषाही तीच. आलेख मात्र चार तऱ्हेचे. पहिल्यात साधा, थोडा विखुरलेला पट्टा. दुसऱ्यात स्वच्छ वळण. उरलेले दोन जवळून बघण्यासारखे आहेत.

तिसरा संच स्वतः स्प्रेडशीटमध्ये भरून बघा. आडव्या अक्षासाठी ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ११, १२, १३, १४. उभ्या अक्षासाठी त्याच क्रमाने ५.३९, ५.७३, ६.०८, ६.४२, ६.७७, ७.११, ७.४६, ७.८१, ८.१५, १२.७४, ८.८४. सुरुवातीपासून वाचत जा. प्रत्येक पायरीला उभी किंमत ०.३४ किंवा ०.३५ ने वाढते आहे, अगदी पट्टीने आखल्यासारखी. १३ ला ती ८.५ च्या आसपास यायला हवी होती, तिथे १२.७४ आहे. पुढे १४ ला परत शिस्तीत. आता ‘कोरेल’ हे फंक्शन वापरून गुणांक काढा. ०.८२ येईल. मग ती १३ ची ओळ वगळून पुन्हा काढा. जवळजवळ १ येईल. एका ठिपक्याने रेषेचा चढही बिघडवला होता आणि गुणांकही पाडला होता.

चौथ्या संचात उलट प्रकार. दहा ठिपके आडव्या अक्षावर ८ पाशीच एकावर एक उभे आहेत आणि अकरावा एकटा दूर, १९ वर, १२.५ उंचीला. तो काढला तर आडव्या राशीत काही फरकच उरत नाही, त्यामुळे गुणांक काढताच येत नाही. तो ०.८२ पूर्णपणे त्या एका ठिपक्याच्या जिवावर उभा होता.

म्हणून कळपाबाहेरचा ठिपका दिसला की तो खोडू नका आणि दुर्लक्षूही नका. मूळ नोंदवही उघडा. २७ चे ७२ झाले आहेत का? एका गावाचं क्षेत्र एकरात आणि बाकीच्यांचं हेक्टरमध्ये लिहिलं आहे का? चूक सापडली तर दुरुस्त करा. नोंद खरी निघाली तर ती तशीच ठेवा आणि तिच्यासह एक, तिच्याविना एक असे दोन्ही गुणांक सांगा. अनेकदा पुढच्या तपासाचा धागा त्या एका ठिपक्यातच मिळतो. सगळ्या गावांत कुपोषण आहे आणि एका गावात नाही, तर आधी त्या गावी जायला हवं.

एका आलेखात किती गट?

अंटार्क्टिकाजवळच्या पामर द्वीपसमूहातल्या पेंग्विनांची २००७ ते २००९ या काळात मोजमापं घेतली गेली. ती माहिती आज विद्यार्थ्यांना सरावासाठी मुक्तपणे उपलब्ध आहे. चोचीची लांबी आणि चोचीची जाडी यांचा ३४२ पक्ष्यांचा आलेख काढला तर गुणांक उणे ०.२४ येतो. वाचणारा म्हणेल, चोच लांब तितकी ती बारीक.

आता ठिपक्यांना जातीप्रमाणे रंग द्या. अ‍ॅडेली जातीचा गुणांक अधिक ०.३९, चिनस्ट्रॅपचा अधिक ०.६५ आणि जेंटूचा अधिक ०.६४. प्रत्येक जातीत लांब चोच ही जाडही असते. मग एकत्र केल्यावर चिन्ह उलटं कसं झालं? अ‍ॅडेलीची चोच आखूड आणि जाड, जेंटूची लांब आणि बारीक. हे दोन गट एक डावीकडे वर आणि एक उजवीकडे खाली बसतात आणि एकूण रेषेला खाली ओढतात. एका पक्ष्याबद्दल काही सांगायचं असेल तर जातीची रेषा बघायला हवी. एकूण रेषा जातींमधला फरक दाखवते आहे.

महाराष्ट्राच्या तालुक्यांचा आलेख काढाल तेव्हा हा धडा उपयोगी पडेल. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, मराठवाड्यात सातशेच्या आसपास. पिकं वेगळी, माती वेगळी. सगळे तालुके एकाच रंगात टाकले तर जी रेषा येईल ती ना कोकणाला लागू पडेल ना मराठवाड्याला. विभागाप्रमाणे, जातीप्रमाणे, सरकारी-खासगीप्रमाणे, स्त्री-पुरुषांप्रमाणे, जिथे जे लागू असेल त्याप्रमाणे रंग देऊन बघा. रंग द्यायला दोन मिनिटं लागतात आणि कधी कधी निष्कर्षच उलटतो.

नसलेला ठिपका

२८ जानेवारी १९८६ या दिवशी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी हवेतच मोडून पडलं आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. रॉकेटच्या सांध्यांमधल्या रबरी रिंगांनी थंडीत काम दिलं नाही. आदल्या रात्री याच प्रश्नावर दूरध्वनीवरून लांबलचक चर्चा झाली होती. थंडीत उड्डाण नको, असं अभियंत्यांनी सांगितलं होतं. पण थंडीचा आणि रिंगांच्या बिघाडाचा संबंध ते आकड्यांनी पटवून देऊ शकले नाहीत.

का, ते नंतर चौकशी आयोगाच्या अहवालात आलं. त्या चर्चेत फक्त बिघाड झालेली उड्डाणं तापमानाशी ताडून बघितली गेली. अशी उड्डाणं सात होती, ५३ पासून ७५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १२ ते २४ अंश सेल्सियसपर्यंत पसरलेली. गारव्यातही बिघाड, उबेतही बिघाड. या सात ठिपक्यांत थंडीचा दोष ठळकपणे दिसत नाही.

ज्या उड्डाणांत काहीच बिघडलं नाही, ते ठिपके आलेखावर नव्हते. ते ठेवले की चित्र असं होतं. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमानाला झालेली उड्डाणं २०, त्यातल्या फक्त ३ मध्ये बिघाड. ६३ अंश किंवा त्याखाली झालेली उड्डाणं ४, आणि चारही वेळा बिघाड. शिवाय आदल्या रात्रीचा अंदाज गोठणबिंदूच्या आसपासचा होता, म्हणजे तोवरच्या सगळ्यात थंड उड्डाणाच्याही बराच खाली. तिथे एकही ठिपका नव्हता. आलेख जिथे संपतो त्यापलीकडे रेषा ओढताना खात्री झपाट्याने कमी होत जाते, आणि त्या सकाळी यान नेमकं त्या पलीकडच्या जागेत उडालं.

आपल्या कामात नसलेले ठिपके कुठे लपतात? फक्त दवाखान्यात आलेले रुग्ण मोजले, घरीच राहिलेले नाहीत. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या महिला मोजल्या, मध्येच सोडलेल्या नाहीत. चालू असलेले बचतगट मोजले, बंद पडलेले नाहीत. प्रवेश परीक्षेचे गुण आणि नंतरचा निकाल यांचा आलेख प्रवेश मिळालेल्या मुलांपुरताच काढला, तर आडव्या अक्षाचा वरचा एक तुकडाच हाती येतो आणि सहसंबंध होता त्याहून बराच कमी दिसतो. ‘परीक्षेला अर्थ नाही’ असं त्यावरून ठरवणं घाईचं होईल. आलेख हाती घेतला की विचारा, या यादीत येण्यासाठी काय घडावं लागलं? आणि ज्यांच्या बाबतीत ते घडलं नाही ते कुठे आहेत?

दुसऱ्यांदा मोजल्यावर होणारी ‘सुधारणा’

फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८८६ साली इंग्लंडमधल्या २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंच आईबापांची मुलं उंच होती, पण सरासरीपासून आईबाप जितके दूर होते त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच दूर. ठेंगण्या आईबापांची मुलंही तशीच सरासरीकडे सरकलेली. गुणांक १ पेक्षा कमी असला की दोन्ही टोकं दुसऱ्या मोजणीत मध्याकडे सरकलेली दिसतातच.

याचा फटका बसतो तो ‘आधी-नंतर’च्या आलेखांत. पहिल्या चाचणीत सगळ्यात मागे राहिलेली मुलं निवडली, त्यांना खास वर्ग दिले आणि दुसऱ्या चाचणीत त्यांची सरासरी वाढली. यातली काही वाढ वर्ग न घेताही झाली असती, कारण पहिल्या दिवशी काहींना ताप होता, काहींचे प्रश्न हुकले होते. वर्गांचा खरा परिणाम किती, हे सांगायचं असेल तर तितक्याच मागे असलेल्या पण वर्ग न मिळालेल्या मुलांचे ठिपके शेजारी हवेत.

सहसंबंधापासून कारणापर्यंत

सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य आता बहुतेकांना पाठ आहे. पण तिथेच थांबलं तर आलेखाचा उपयोग काय? पुढे काय करायचं ते महत्त्वाचं.

आधी तिसरी गोष्ट शोधा. पाऊस आणि ऊस यांचा आलेख मनात आणा. कोकणात पाऊस प्रचंड आणि ऊस जवळजवळ नाही. सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, पण ऊसही आहे आणि साखर कारखानेही आहेत. उसाला पाणी लागत नाही असं यावरून कुणी म्हणणार नाही, कारण उजनी धरण, कालवे आणि विहिरी आपल्याला माहीत आहेत. सिंचन ही तिसरी गोष्ट आलेखाबाहेर उभी आहे. विषय आपल्या ओळखीचा नसला की अशी तिसरी गोष्ट सुचत नाही. म्हणून त्या विषयातल्या जाणत्याला आलेख दाखवा. दोन्ही राशी वर्षागणिक वाढणाऱ्या असतील तर काळ हीच तिसरी गोष्ट असते. मोबाइल वाढले आणि मधुमेहही वाढला, तर दोघांचा गुणांक मोठा येणारच. अशा वेळी गेल्या वर्षापेक्षा किती वाढ झाली, त्या फरकांचा आलेख काढा. खोटा सहसंबंध बरेचदा तिथे विरून जातो.

मग कारणाची बाजू भक्कम कशी करायची? दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं काम याचा उत्तम नमुना आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे कोसंबी १९४० च्या दशकात तक्षशिलेला सापडलेल्या आहत, म्हणजे ठसे उमटवलेल्या, नाण्यांच्या अभ्यासाकडे वळले. चांदीच्या या नाण्यांच्या पाठीवर बारीक ठसे आहेत. कुठे एकही नाही, कुठे अनेक. कोसंबींनी ठशांची संख्या आणि वजन ताडून बघितलं. ठसे वाढत जातात तसं सरासरी वजन सरळ रेषेत घटत जातं. त्यांनी मांडलं की नाणं चलनात असताना ठरावीक काळाने त्याची तपासणी होई आणि दर वेळी एक ठसा उमटे. म्हणजे ठसे जितके जास्त तितकं नाणं जास्त काळ हातोहात फिरलेलं, आणि म्हणून झिजलेलं.

इथवर हा एक सहसंबंध आणि एक अंदाज होता. कोसंबी पुढे गेले. त्यांनी स्वतःच्या काळातली, चलनात असलेली नाणी तराजूवर तोलली. त्यांच्यावर टांकसाळीचं वर्ष छापलेलं असल्याने वय पक्कं ठाऊक. तिथेही वयाबरोबर सरासरी वजन घटताना दिसलं. शिवाय झीज हे कारण खरं असेल तर आणखी एक गोष्ट दिसायला हवी. प्रत्येक नाणं सारखंच फिरत नाही, म्हणून जुन्या नाण्यांच्या वजनात एकमेकांपासूनचा फरक वाढत गेला पाहिजे. तोही दिसला. संबंध कशामुळे घडतो याची पटणारी प्रक्रिया, दुसऱ्या स्वतंत्र माहितीत त्याची पडताळणी, आणि त्याच कारणातून निघणारं पण आधी न तपासलेलं आणखी एक भाकीत; तुमच्या आलेखाला यातलं काय काय जोडता येतं, ते बघा.

आलेख काढताना आणि वाक्य लिहिताना

- ज्याला कारण समजता ती राशी आडव्या अक्षावर घ्या. स्प्रेडशीटमध्ये सहसा पहिला रकाना आडव्या अक्षावर जातो.
- ठिपके रेषेने जोडू नका. एकावर एक ठिपके बसत असतील तर रंग अर्धपारदर्शक करा, नाहीतर पन्नास ठिपके एकासारखे दिसतील.
- काही किंमती शेकड्यात आणि काही लाखात असतील, जसं छोटं गाव आणि महानगर, तर अक्षाला लॉग मापन द्या आणि तसं आलेखावर लिहा.
- रेषा सगळ्यात शेवटी काढा, आणि ठिपके जिथे संपतात तिथेच ती थांबवा.
- कळपाबाहेरच्या ठिपक्यांना नावं द्या.

आणि शेवटी ते वाक्य. समजा तुम्ही ४० शाळांची हजेरी आणि निकाल यांचा आलेख काढला आणि गुणांक ०.४५ आला. ‘हजेरीमुळे निकाल सुधारतो’ असं लिहू नका. असं लिहा: ‘तालुक्यातल्या ४० शाळांमध्ये सरासरी हजेरी जास्त असलेल्या शाळांचा निकालही साधारणपणे जास्त आहे, गुणांक ०.४५. सहा शाळांची माहिती मिळाली नाही, त्या यात नाहीत. दोन शाळा या कलाच्या बाहेर आहेत. पालकांची आर्थिक स्थिती विचारात घेतलेली नाही.’ वाक्य लांबलं, पण वाचणाऱ्याला ठिपका कुणाचा, किती ठिपके, कोण राहून गेलं आणि काय तपासायचं बाकी आहे, हे सगळं कळलं. त्यावर घेतलेला निर्णय चुकला तरी कुठे चुकला ते शोधता येईल.

पुढच्या बैठकीत कुणी नुसता गुणांक सांगितला तर आलेख मागा. आलेख दाखवला तर एका ठिपक्यावर बोट ठेवून हा कोण, ते विचारा. आणि मग न आलेल्यांची यादी मागा. हे प्रश्न विचारायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. ज्यांच्या आयुष्यावर त्या आकड्यांचा परिणाम होणार आहे, त्यांच्यासाठी ते विचारणं हे आपल्यापैकी प्रत्येकाचं काम आहे.